विहिरीत उतरलेला रंग

भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट मोठा लेखक होता का, असं विचारलं की त्याचे चाहते बहुतेकदा त्याच्या वारसदारांची नावं घेतात. स्टीफन किंग त्याचं ऋण मानतो, गियेर्मो देल तोरो त्याच्या कादंबरिकेवर चित्रपट काढायला वर्षानुवर्षं धडपडला, त्याच्या क्थुलू नावाच्या राक्षसावर खेळ निघाले. सगळं खरं. पण त्यातून कळतं ते इतकंच, की त्याने पेरलेलं इतरांच्या रानात जोमाने उगवलं. त्याच्या स्वतःच्या शेतातलं पीक कसं होतं, ते तिथे जाऊनच पाहावं लागतं.

हयातीत त्याला नाव मिळालं नाही. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात १८९० साली जन्म, १९३७ साली तिथेच कर्करोगाने मृत्यू. कथा छापल्या त्या ‘वीअर्ड टेल्स’सारख्या स्वस्त कागदावरच्या मासिकांनी. पुढे मित्रांनी त्याच्या कथांचे संग्रह काढले, आणि १९४५ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये एडमंड विल्सन या समीक्षकाने त्यांची सालटी काढली. भीती वाटायला हवी तिथे हा लेखक भयंकर, भीषण, अघोरी अशी विशेषणं ओततो, हा विल्सनचा एक मुख्य आक्षेप. मला तो आजही बिनतोड वाटतो. लेखकच आधी किंचाळला की वाचकाला घाबरायला काही उरत नाही. ‘द हाउंड’ वाचताना मला हे पानोपानी जाणवतं, आणि त्याच्या कितीतरी कथा याच खोडीपायी वाया गेल्या आहेत.

पण त्याच लेखकाची ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ घ्या. १९२७ सालच्या सप्टेंबरात ती ‘अमेझिंग स्टोरीज’मध्ये आली, मोबदला २५ डॉलर, तोही रखडत मिळालेला. नेहम गार्डनर नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीजवळ आकाशातून एक दगड पडतो. दगड निवत नाही, दिवसागणिक आक्रसत जातो, आणि त्याच्या पोटात असा एक रंग सापडतो जो माणसाला माहीत असलेल्या कुठल्याच रंगात बसत नाही. त्या वर्षी फळं कधी नव्हे इतकी मोठी, तुकतुकीत धरतात, आणि एकही तोंडात घालवत नाही इतकी कडू निघतात. हिवाळ्यात बर्फावर सशांचे, खारींचे ठसे उमटतात, ते बघून नेहम अस्वस्थ होतो, पण त्यांत चुकलंय काय ते त्याला सांगता येत नाही. वारा नसताना झाडं हलतात. बायकोला वेड लागतं. पाणी नासलंय, दुसरी विहीर खणा, असं शेजारी अमी पिअर्स कळकळीने सांगतो. गार्डनर कुटुंब तेच पाणी पीत राहतं.

ही विहीर मला लव्हक्राफ्टच्या सगळ्या राक्षसांपेक्षा मोठी वाटते. आपल्या भुतांच्या गोष्टींत भुताला कारण असतं. मुंजा असो की हडळ, काहीतरी अपुरं राहिलेलं असतं, त्यांना काहीतरी हवं असतं. म्हणून उतारा टाकता येतो, नवस बोलता येतो. गार्डनरांच्या विहिरीत उतरलेल्या रंगाला उतारा नाही, कारण त्याच्या लेखी गार्डनर कुणीच नाहीत. त्यांनी पाप केलेलं नाही, रंगाला सूड घ्यायचा नाही. माणसाच्या असण्यानसण्याची दखलच न घेणारं विश्व ही लव्हक्राफ्टची खरी कल्पना, आणि इथे ती भाषणातून न येता शेतकऱ्याच्या फळांतून, पाण्यातून, गुराढोरांतून येते. ज्या लेखकाने विशेषणांवर भिस्त ठेवली, त्याने इथे असा विषय निवडला की ज्याला विशेषण लावताच येत नाही. विल्सनलाही या कथेत अणुबॉम्बच्या परिणामांची चाहूल दिसली. हिरोशिमाला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

त्याच्या कथांचे विश्वसनीय पाठ आज मिळतात, याचं श्रेय बरंचसं पुण्यात जन्मलेल्या एका अभ्यासकाला जातं. सुनंद त्र्यंबक जोशी लहानपणीच अमेरिकेत गेले, लव्हक्राफ्टची कागदपत्रं जिथे आहेत त्या ब्राउन विद्यापीठात शिकले, आणि त्यांनी हस्तलिखितं व छापील पाठ ताडून संपादकांच्या हातून झालेली मोडतोड दुरुस्त केली. अशा कामाला आयुष्य देणाऱ्या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. मात्र २०१५ साली ‘वर्ल्ड फँटसी’ पुरस्काराच्या स्मृतिचिन्हावरून लव्हक्राफ्टचा चेहरा काढायचं ठरलं, तेव्हा जोशींनी निषेध म्हणून आपले पुरस्कार परत केले. तिथे मी त्यांच्या बाजूने नाही. नेडी ओकोराफोर या नायजेरियन-अमेरिकन लेखिकेला २०११ साली तो पुरस्कार मिळाला, आणि मग काळ्या लोकांना माणसातच न धरणारी लव्हक्राफ्टची कविता तिच्या वाचनात आली. त्या माणसाचा चेहरा तिने घरात कौतुकाने मांडून ठेवावा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तो वंशद्वेष फक्त पत्रांत राहिला असता तर त्याच्या साहित्याबद्दल वेगळं बोलता आलं असतं. तो कथांत आहे. ब्रुकलिनमधल्या स्थलांतरितांवर राग काढणारी ‘द हॉरर अॅट रेड हूक’ कथा म्हणूनही पडते, कारण तिला ज्यांची भीती वाटते त्यांतला एकही माणूस तिने जवळून पाहिलेला नाही. ‘द शॅडो ओव्हर इन्समथ’ मात्र मला सोडवत नाही. तीही रक्ताच्या सरमिसळीची किळस घेऊनच सुरू होते, पण शेवटी निवेदकाला कळतं की ते रक्त आपलंच आहे. लव्हक्राफ्टचे आईवडील दोघेही, वेगवेगळ्या वेळी, एकाच मनोरुग्णालयात वारले. वारशाने काय आलं असेल ही धास्ती त्याला बाहेर शोधावी लागली नसेल, असं मला वाटतं. निदान या एका कथेत त्याचा द्वेष उलटून त्याच्याकडेच बघतो.

कुणी नव्याने वाचायला मागितलं तर मी विहिरीची कथा आधी देते आणि ‘इन्समथ’ तिच्यामागून. त्यांच्या जोडीला व्हिक्टर लव्हालची ‘द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम’ ही २०१६ सालची कादंबरिका देते. लव्हाल स्वतः काळा लेखक, लहानपणापासून लव्हक्राफ्टवर जीव असलेला. त्याने ‘रेड हूक’चीच गोष्ट हार्लेममधल्या एका काळ्या तरुणाच्या बाजूने पुन्हा लिहिली, आणि पुस्तक अर्पण केलं ते लव्हक्राफ्टलाच.