उधळण आणि वेचण

अमावास्या सोमवारी आली की तिला सोमवती म्हणतात. वर्षातून एकदा, दोनदा, क्वचित तीनदा येणारा हा दिवस नेहमी कामाच्याच वारी पडत असल्यामुळे, नवे पंचांग घरात आले की मी प्रथम सोमवतीच्या तारखा पाहतो आणि त्यांच्यापुढे किरकोळ रजेची खूण करून ठेवतो. गेली 11 वर्षे माझी ही वहिवाट अखंड चालू आहे. त्या दिवशी पहाटेची एस. टी. पकडून, दिवे घाट चढून, सासवडवरून मी जेजुरीस जातो, कारण कचेरीच्या दप्तरांत वर्षभर मिटून राहिलेली माझी दृष्टी जर कोठे पुन्हा उघडत असेल, तर ती खंडोबाच्या गडाच्या पायऱ्यांवरच.

जेजुरीच्या गडाला लोक नवलाख पायरीचा गड म्हणतात. मोजणाराला त्या पायऱ्या काही शेच भरतील. पण दोन्ही बाजूंच्या दीपमाळा, मधल्या कमानी आणि माथ्यावरची होळकरांच्या भक्तीची साक्ष देणारी तटबंदी पाहत जो चढतो, त्याला हे श्रद्धेचे गणित खोटे वाटत नाही. सोमवतीला खंडोबा आणि म्हाळसा यांच्या उत्सवमूर्ती पालखीत बसून कऱ्हा नदीच्या स्नानास निघतात. इशारत होते, खांदेकरी पालखी उचलतात, ‘सदानंदाचा येळकोट’ असा एकच गजर उठतो, आणि चौकातून, सज्जांतून, तटावरून हजारो हातांनी भिरकावलेला हळदीचा भंडारा क्षणार्धात आभाळ व्यापून टाकतो. त्या वेळी समोरचा माणूस दिसत नाही, पितळी कासव दिसत नाही, कळसही दिसत नाही. असतो तो केवळ एक पीतवर्ण, सुगंधी, श्वासात शिरणारा प्रकाश.

प्रारंभीची काही वर्षे मी कॅमेरा घेऊन या प्रकाशाच्याच मागे धावलो. पालखी निघण्याची वेळ दर खेपेस एक नसते. कधी सकाळचे तिरपे ऊन हळदीच्या कणाकणातून आरपार येते, तर कधी माथ्यावरचा सूर्य सगळेच सपाट करून टाकतो. भिंगावर हळद बसली तर ती फडक्याने पुसू नये, मऊ कुंचल्याने हलकेच झटकावी, हेही मी तेथेच शिकलो. परंतु घरी येऊन चित्रे पाहू लागलो की मन खिन्न होई. शंभर चित्रांत एकच चित्र शंभरदा काढलेले असे. पिवळ्या रंगाचे वैभव एवढे अनिवार होते की त्याखाली माणूसच हरवून गेला होता.

म्हणून एका सोमवतीला मी निश्चयपूर्वक कृष्णधवल चित्रे काढली. कृष्णधवल चित्रात पिवळा रंग जवळजवळ पांढरा उतरतो. त्यामुळे भंडाऱ्याचे ढग धुक्यासारखे मागे सरले आणि पुढे आल्या त्या कपाळावरच्या आठ्या, ताणलेल्या माना, उघडे ओठ. एका खांदेकऱ्याच्या खांद्यावर, पालखीच्या दांडीखाली घातलेल्या उपरण्याच्या घडीत, घामाने भिजलेल्या हळदीचा लेप साचला होता आणि त्याचा हात दुसऱ्याच्या दंडाला घट्ट धरून होता. रंग गेल्यावर भार दिसू लागला. उत्सव म्हणजे उल्हास हे मला ठाऊक होते. उत्सव म्हणजे कोणीतरी आपल्या खांद्यावर घेतलेले ओझे आहे, हे मला त्या चित्राने दाखविले.

तरीही काही उणे होते, आणि ते मला सांगितले ते दुसऱ्याच एका खांदेकऱ्याने. पालखी खांद्यावर घेण्यापूर्वी तो माझ्याकडे वळून म्हणाला, “साहेब, आधी मूठभर उधळा देवावर, मग काय ते फोटू काढा.” त्याने माझ्या ओंजळीत भंडारा घातला. इतकी वर्षे मी येथे केवळ घेण्यासाठी येत होतो, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले. मी कॅमेरा गळ्यात सोडून दिला आणि दोन्ही हात वर केले.

त्याच दिवशी, गर्दी कऱ्हेच्या वाटेला लागल्यावर, पायऱ्यांवर एक वृद्ध स्त्री बसलेली मला दिसली. सारे जग उधळून गेले होते, आणि ती मात्र पायरीच्या खाचेत साचलेला भंडारा तळहाताच्या कडेने हलकेच गोळा करीत होती. त्यातली खोबऱ्याची कपची तिने निवडून बाजूला ठेवली, हळद पदराच्या टोकात घेतली आणि दोनदा गाठ मारली. “घरी सुनेचं बाळंतपण आहे, तिला यायला जमलं नाही,” ती म्हणाली. मी परवानगी मागितली, तिने मान हलविली, आणि मी एकच चित्र काढले. त्यात देव नाही, पालखी नाही, आकाशही नाही. केवळ एक गाठ आणि दोन हात आहेत. माझ्या 11 वर्षांच्या संग्रहात त्याहून मोलाचे चित्र नाही.

प्रेरणा हा शब्द आपण फार उंचावर नेऊन ठेवला आहे. ती विजेसारखी कोसळते असे आपण मानतो. माझा अनुभव निराळा आहे. क्षण पुन्हा येत नाही, पण सण पुन्हा येतो; आणि दोन सोमवतींच्या मधल्या महिन्यांत, मागच्या वेळी काय पाहिले नाही याची जी रुखरुख मनात मुरत राहते, तीच प्रेरणा होय. छायाचित्रणाची अशी हौस आपल्याकडे जुनीच आहे. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली; तिच्या आरंभीच्या काळात वैद्यक शिकलेले डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे लोक तीत होते. आपल्याकडे ही कला व्यवसायाबरोबरच व्यासंग म्हणूनही रुजली. व्यवसायाला मुदत असते, हौसेला पंचांग असते. एकदा चुकले तर हौशी माणसाला पुढचा सण आहे.

आपल्या गावाचा जो सण असेल, शिमगा, बैलपोळा, त्रिपुरी पौर्णिमा वा ग्रामदैवताची जत्रा, तेथे एकदा जाऊन थांबू नका. त्याच जागी, त्याच माणसांत, दर वर्षी जा. मात्र कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वी आपली मूठ उधळा. ज्याने स्वतः काही उधळले नाही, त्याला वेचण्याचा अधिकार नाही.