कालव्यावरच्या पुलाचा चढ

डिसेंबर लागला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा मुलगा असतो किंवा सून असते. ज्यांच्याविषयी तो विचारलेला असतो ते गृहस्थ शेजारच्या खुर्चीत कानटोपी घालून, या चर्चेशी आपला काहीच संबंध नाही अशा मुद्रेने बसलेले असतात. "डॉक्टर, थंडी पडली, धुकेही असते. यांना सांगा ना, आता सायकल बंद करा म्हणून."

पूर्वी मी तसे सांगून टाकत असे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने पहाटेच्या ओल्या गारठ्यात सायकलवर बसू नये, हे सांगायला सोपे असते. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि डॉक्टरही मोकळा होतो. आता मला ते इतक्या झटपट सांगता येत नाही. त्यामागची हकीगत आपल्याला सांगायची आहे. तिच्यात माझी थोडी नाचक्की आहे. पण वैद्यकीय व्यवसायात तीस वर्षे काढलेल्या माणसाला जी चूक टाळता आली नाही ती आपल्या घरी टळावी, एवढ्यासाठी ती सांगतो.

मी निफाड तालुक्यातला. महाराष्ट्रातील नीचांकी तापमानाच्या बातमीत आमच्या तालुक्याचे नाव दर हिवाळ्यात आपण वाचत असाल. आकड्यावरून मात्र एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे इथली थंडी ओली असते. गोदावरी, कादवा, त्यांचे कालवे, उभा ऊस, नुकतेच पाणी भरलेले गव्हाचे वाफे. पहाटे या सगळ्यांतून धुई उठते आणि रस्त्यावर पसरते. त्यात बंगालच्या उपसागरात एखादे वादळ झाले की चार दिवस आभाळ भरून राहते आणि भुरभुर पाऊसही होतो. द्राक्षबागायतदाराच्या पोटात तेव्हा गोळा येतो, कारण अशा हवेत घडांवर भुरी आणि डाऊनी यायला वेळ लागत नाही. पहाटेपासून बागांतून फवारणीचे ट्रॅक्टर फिरू लागतात. (त्या दिवसांत आम्ही बागांमधला रस्ता सोडतो. औषधाचा वास नाकात भरून घेत व्यायाम करण्यात काही अर्थ नाही.)

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी सायकल घेतली. साखर काठावर होती, रक्तदाबाची एक गोळी सुरू झाली होती, आणि माझे वडील हृदयविकाराने एकसष्टाव्या वर्षी गेले होते. गुडघेही कुरकुरू लागले होते. सायकलवर शरीराचा बराचसा भार बैठक उचलते, त्यामुळे गुडघ्यांना ती चालण्यापेक्षाही सोसते. सोबती मिळाले ते अण्णा. ते निवृत्त पोस्टमन, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठे. आयुष्यभर सायकलवरून टपाल वाटलेला माणूस. त्यांची काळी, दुहेरी दांड्याची सायकल माझ्या नव्या सायकलीपुढे म्हातारी दिसे. पण चढावर पुढे तीच असे.

आमचा रस्ता ठरलेला. गाव सोडून दोन किलोमीटरवर कालव्याचा पूल, त्याला छोटासा पण खडा चढ. मग उसाच्या कडेने, दोन वस्त्या ओलांडून नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याच्या दिशेने. सवड असली तर थेट पाण्यापर्यंत. 2020 साली रामसर यादीत गेलेले हे महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र. धुके विरू लागते तेव्हा आधी वारकरी पक्ष्यांचा आवाज येतो, मग पाण्यावर काळे ठिपके दिसतात, आणि एकदम चक्रवाकांची तांबूस जोडी अगदी जवळ असल्याचे ध्यानात येते. अण्णा पक्ष्यांची नावे सांगत नाहीत. ते म्हणतात, "आले पाहुणे." मला ते पुरते.

त्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आभाळ भरलेले होते. कालव्याच्या चढावर मला छातीच्या मध्यभागी काहीतरी आवळल्यासारखे झाले. दुखणे म्हणावे असे नव्हते. मफलर घट्ट गुंडाळला जावा तसे काहीसे, पण गळ्याऐवजी छातीत. मी उतरलो, पुलाच्या कठड्याला टेकलो, दोन मिनिटांत सारे ओसरले. पुढचा सगळा प्रवास उत्तम झाला. परतताना तोच पूल दुसऱ्या बाजूने चढलो, तेव्हा काहीही झाले नाही.

इथे माझ्यातला डॉक्टर कामाला लागला, आणि दुर्दैवाने चुकीच्या बाजूने. हृदयाचे असते तर परतताना, दमलेले असताना जास्त व्हायला हवे होते. म्हणजे हे पित्त असणार, असा युक्तिवाद मी केला. रात्री उशिरा जेवलो होतो, हेही पुरावा म्हणून जोडले. दोन दिवसांनी पुन्हा तसेच झाले. त्या रात्री दवाखाना बंद झाल्यावर मी स्वतःचा ईसीजी काढला. तो निर्दोष आला. मी तो घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि पत्नीला काही बोललो नाही. एखाद्या रुग्णाने हीच हकीगत मला सांगितली असती, तर त्याला मी त्याच दिवशी नाशिकला पाठवले असते. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी निर्दोष असूनही रोहिणीत मोठा अडथळा असू शकतो, हे मी शेकडो नातेवाइकांना समजावून सांगितले आहे.

असे जवळजवळ तीन आठवडे गेले. मी चढाच्या आधीच उतरून सायकल हातात धरून चालू लागलो. कधी बुटाची नाडी बांधायची असे, कधी चष्म्यावरचे दहिवर पुसायचे असे. अण्णा वर थांबून राहत. एका सकाळी मी वर पोहोचलो तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक बोलू? आज धरून सात वेळा तुम्ही इथं थांबलात. मागच्या वर्षी एकदाही नाही."

मी चष्म्याचे कारण सांगितले.

"चष्मा परतताना पण ओला असतोय," अण्णा म्हणाले. "तेव्हा नाही थांबत तुम्ही. आणि थांबलात की हात इथं जातो." त्यांनी स्वतःच्या छातीवर मूठ ठेवून दाखवली.

वाचकहो, ती मूठ वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात आहे. छातीतील हृदयाच्या वेदनेचे वर्णन करताना रुग्ण नेमकी अशी मूठ ठेवतो, हे विद्यार्थ्याला पहिल्याच फेरीत शिकवले जाते. ती एका पोस्टमनने मला दाखवली. आम्ही त्या दिवशी पुढे गेलो नाही. सायकली हातात धरून सावकाश घरी परतलो, आणि दुपारी मी पत्नीसह नाशिकला होतो. तपासण्यांत जे निघायचे ते निघाले. हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य रोहिणी एका जागी फार अरुंद झाली होती. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. झटका आलेला नव्हता. हृदयाचा स्नायू शाबूत होता. अँजिओग्राफी करणारे डॉक्टर माझ्याहून वीस वर्षांनी लहान होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सर, तीन आठवडे?" मला उत्तर देता आले नाही.

आता तो परतीचा चढ मला का फसवून गेला, ते सांगतो, कारण आपल्या घरातील वडीलधारेही त्याच युक्तिवादाने स्वतःला फसवत असतात. गार हवा अंगाला लागली की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्तदाब वाढतो, आणि हृदयाला जास्त जोर लावून रक्त ढकलावे लागते. त्याच वेळी, आधीच अरुंद झालेल्या रोहिण्या आणखी आकसू शकतात. अंग अजून तापलेले नसताना, समोरून वारा असताना, घरापासून दोन किलोमीटरवर चढ आला, तर हृदयाची मागणी एकदम वाढते आणि पुरवठा मागे पडतो. तासाभराने शरीर तापलेले असते, हृदय कामाला सरावलेले असते, आणि काही रुग्णांना तेच श्रम त्रासाशिवाय झेपतात. "चालत राहिलो की बरे वाटते" असे कोणी म्हणाले तर निश्चिंत होऊ नका. श्रमाबरोबर येणारी आणि थांबल्यावर जाणारी छातीतील आवळण, हातात, जबड्यात किंवा दोन खांद्यांच्या मध्ये जाणारी कळ, किंवा एरवी न लागणारी धाप नव्याने सुरू झाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. वृद्धांमध्ये आणि मधुमेहींमध्ये पुष्कळदा छातीत दुखतच नाही; नुसती धाप लागते किंवा गळून गेल्यासारखे होते. बसूनही पाच-दहा मिनिटांत त्रास थांबला नाही, किंवा घाम फुटला, तर वाट पाहू नये. 108 ला फोन करावा.

सर्दीची भीती मात्र आपण वाजवीपेक्षा जास्त बाळगतो. सर्दी विषाणूंनी होते, आणि ते मोकळ्या शिवारापेक्षा दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत अधिक सुखाने राहतात. दमेकऱ्यांची गोष्ट वेगळी. गार, ओलसर हवेने त्यांच्या श्वासनलिका आवळतात, आणि धुक्यात शेकोट्यांचा धूर खालीच साचून राहतो. त्यांनी ऊन पडेपर्यंत घरातच थांबलेले बरे. इतरांनीही पहाटेचा हट्ट सोडावा. आम्ही आता साडेआठला निघतो. तोवर धुके बरेचसे विरते, रस्त्याचे ओले पट्टे दिसू लागतात, आणि मुख्य म्हणजे आपण इतरांना दिसतो. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागे एकही परावर्तक नसताना धुक्यातून जात असतात. माझ्या मते आमच्याकडच्या हिवाळ्यातील खरा धोका थंडीइतकाच हा आहे.

हृदय सांभाळून झाले की मग पडण्याचा विचार. शेणाने, उसाच्या पाचटाने आणि दहिवराने निसरडा झालेला रस्ता साबणासारखा होतो. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतात, म्हणून ते आधीपासून हळूहळू दाबावे लागतात. अण्णांनी दोन वर्षांपूर्वी कुरकुर करत दांडा नसलेली लेडीज सायकल घेतली. "पोस्टातले लोक हसतील," असे म्हणत होते. पण वृद्ध माणूस बहुधा चालत्या सायकलवरून पडत नाही. चढता-उतरताना पाय मागून फिरवताना पडतो. बैठक एवढी खाली असावी की थांबल्यावर पाय जमिनीला टेकावेत. हेल्मेट हवेच. माझ्यासारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला तर त्याविना बाहेर पडू नये; साधे खरचटले तरी आमचे रक्त लवकर थांबत नाही, मग डोक्याचा मार दूरच.

पाणी न्यावे, कारण थंडीत तहान कळत नाही. मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी आणि उपाशीपोटी निघू नये. घामाने भिजलेली बनियन घरी येताच बदलावी. ओल्या कपड्यातून उष्णता झपाट्याने जाते आणि हुडहुडी भरते. नाडी मोजून वेग ठरवायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी वाढतच नाही, आणि माणूस समजतो की आपण अजून दमलेलोच नाही. त्यापेक्षा सोबत्याशी गप्पा मारता येतात का, हे पाहावे. बोलता येत असेल तर ठीक. वाक्य तुटू लागले की उतरावे. सोबती हवा, तो यासाठीही. रोजचा तोच रस्ता, तोच चढ, आणि आपल्याला तिथे पाहणारे दुसरे माणूस. त्या तीन आठवड्यांत माझ्या ईसीजी यंत्राला जे दिसले नाही, ते यांतून दिसले.

या डिसेंबरात तो प्रश्न घेऊन अण्णांची सून आली. शेजारच्या खुर्चीत कानटोपी घालून अण्णा. "डॉक्टर, यांचे वय आता बहात्तर. तुम्हीच सांगा." मी अण्णांचा रक्तदाब पाहिला, छाती तपासली, एका पायावर उभे राहायला सांगितले. मग तिला म्हणालो, "सायकल चालू राहू दे. पण साडेआठच्या आधी नाही, एकटे नाही, आणि दाट धुई असेल त्या दिवशी अजिबात नाही." ती पूर्ण समाधानी दिसली नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही झालो नसतो. फोन हाताशी ठेवीन, एवढे वचन तिने माझ्याकडून घेतले.

गेल्या रविवारी आम्ही निघालो. आता मी चढाच्या आधीचा अर्धा किलोमीटर मुद्दाम रेंगाळत जातो, अंग तापू देतो, आणि पूल सावकाश पण न उतरता चढतो. वर पोहोचून मागे पाहिले तर अण्णा चढाच्या मध्यावर उतरलेले. एक हात सायकलच्या मुठीवर, मान खाली. मी सायकल कठड्याला लावली आणि जवळजवळ धावतच खाली गेलो. खिशातला फोन हातात घेतला होता.

"अण्णा, काय होतंय?"

"मला काही नाही," ते म्हणाले. "चेन."

मी खाली वाकून पाहिले. चेन खरोखरच उतरली होती.