चार स्क्रूंचे गाव

कॅलिफोर्नियाला जाऊन आलो असे सांगितले की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. हॉलीवूड पाहिले का, आणि डिस्नेलँड पाहिले का? दोन्हींना ‘हो’ म्हटले की विचारणाऱ्याचे समाधान होते आणि चहा येतो. परंतु १९५५ साली ज्या ॲनाहाइम गावात डिस्नेलँड उभे राहिले, त्याच्या उत्तरेच्या वेशीला लागूनच फुलर्टन नावाचे गाव आहे. त्याची चौकशी कोणी करीत नाही. वास्तविक आपली मुले दार लावून घेऊन जो काही दणदणाट ऐकतात, त्याचे माहेर शोधू गेल्यास आपण या गावातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापाशी येऊन पोहोचतो.

फुलर्टन लॉस एंजलीसच्या आग्नेयेला सुमारे २५ मैलांवर आहे. १८८७ साली एमरीज नावाच्या दोघा भावांनी हे गाव वसवले आणि रेल्वेच्या जमिनींचा व्यवहार पाहणाऱ्या जॉर्ज फुलर्टनचे नाव त्याला दिले. रेल्वे गावावरून जावी, हा त्यातला धोरणी भाग. रेल्वे आली. १९३० सालचे स्पॅनिश धाटणीचे स्टेशन अजून आहे आणि त्यावर गाड्याही थांबतात. मोटारींच्या त्या देशात हे दृश्य पाहून मुंबईकराचा जीव थंड होतो. पूर्वी इथे मैलोगणती संत्र्यांच्या बागा होत्या. जिल्ह्याचे नावच मुळी ऑरेंज. आता बागा गेल्या, घरे आली आणि संत्रे नावापुरते उरले. नागपूरकरांनी यातून काय तो बोध घ्यावा!

या बागांच्याच मुलखात १९०९ साली लिओ फेंडर जन्मला. लहानपणी त्याचा एक डोळा गेला. शिक्षण हिशेबनिसाचे, पण मंदीच्या दिवसांत नोकरी सुटली आणि १९३८ साली त्याने फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचे दुकान घातले. गाणारे-वाजवणारे आपले ध्वनिवर्धक घेऊन तिथे येत, आपल्या तक्रारी सांगत, आणि हा गृहस्थ शांतपणे ऐकून घेई. मौजेची गोष्ट अशी की, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पण ज्याला वाजवता येत नाही, तो वाजवणाऱ्याचे म्हणणे अधिक लक्ष देऊन ऐकतो. १९५० च्या सुमारास त्याने भरीव लाकडाची विजेची गिटार बाजारात आणली. पुढे तिचे नाव टेलिकास्टर पडले. १९५४ साली आली स्ट्रॅटोकास्टर. तिचे शिंगे काढलेले चित्र तुम्ही कुठल्या ना कुठल्या पोस्टरवर पाहिलेच असेल.

लिओच्या कामातली मला सर्वांत नवलाची वाटलेली गोष्ट मात्र पोस्टरवर दिसत नाही. ती गिटारच्या पाठीमागे असते. जुन्या पद्धतीच्या गिटारची मान, म्हणजे जिच्यावर बोटे फिरतात ती लांब पट्टी, धडाला सरसाने कायमची चिकटवलेली असे. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्याची दांडीही अशीच भोपळ्याशी सांधलेली असते. ती सुटली की कसबी कारागिराकडेच जावे लागते. लिओने सरस नाकारला. धडाला एक खाच पाडली, तीत मेपल लाकडाची मान बसवली आणि मागून लोखंडी पट्टी लावून चार स्क्रूंनी आवळली. मान झिजली, वाकली, बिघडली तर चार स्क्रू काढावेत आणि दुसरी बसवावी. जुन्या कारागिरांना हे वाद्य नसून फर्निचर वाटले असल्यास नवल नाही. पण वाद्य बिघडणार हे बनवण्याच्या दिवशीच मान्य करणारा माणूस मला तरी मोठा शहाणा वाटतो.

माझे तिकडे जाणे झाले ते मात्र एका बिघडलेल्या मानेमुळेच. माझे थोरले बंधू १९९३ साली नोकरीनिमित्त त्या भागात गेले आणि तिथलेच झाले. १९९६ साली त्यांनी एक स्ट्रॅटोकास्टर घेतली. लिओने आपला कारखाना १९६५ मध्येच विकला होता. दादांची गिटार सीमेपलीकडे मेक्सिकोत बनलेली होती. रविवारी सकाळी पोहे झाले की ते तिच्यावर जुन्या भावगीतांच्या चाली काढीत. २०१९ साली दादा गेले. गिटार गॅरेजमध्ये गेली. तिथल्या उन्हाळ्यात गॅरेजची भट्टी होते. २०२३ च्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा माझ्या पुतण्याने ती बाहेर काढली होती, आणि मान पिळवटलेली होती.

मान नुसती कमानीसारखी वाकली असती तर उपाय होता. तिच्या पोटात एक पोलादी सळई असते. किल्लीने ती आवळली की मान सरळ होते. पण पीळ पडला की सळईचा उपयोग होत नाही. सतारीचे पडदे सरकवता येतात. गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले. त्यांची जागा गणिताने ठरलेली असते. या गिटारची तार घोडीपर्यंत २५.५ इंच, तिच्या बरोबर मध्यावर, १२.७५ इंचांवर, बारावा पडदा. तिथे वरचा सा मिळतो. मान पिळली की हे सारे गणित कोलमडते. एक तार पडद्याला घासते आणि दुसरी बोटाला दाद देत नाही.

पुतण्याने नवी मान मागवली होती. मूळ कंपनीच्या परवान्याने नुसत्या माना बनवून विकणारे कारखाने तिकडे आहेत. पुतण्याचा बेत पक्का होता. अडले होते ते वहिनींपाशी. जुन्या मानेवरचे मेपल मुळात मधाच्या रंगाचे. त्यावर पहिल्या चार-पाच पडद्यांच्या मध्ये लाखेचा थर झिजून काळसर ठिपके पडले होते. ती दादांच्या बोटांची जागा.

“हीच काढून टाकायची, तर मग राहिलं काय ह्यांचं?” वहिनी म्हणाल्या.

“आई, नाही बदलली तर ती भिंतीवर टांगावी लागेल,” पुतण्या म्हणाला. “बाबांना भिंतीवरची गिटार आवडली असती का?”

दोघांचेही खरे होते. अशा वेळी मराठीच्या प्राध्यापकाने बोलू नये, एवढे मला कळते. मी फक्त इतकेच म्हणालो, “वहिनी, उद्या फुलर्टनला जाऊन येऊ.” पंचवीस वर्षे त्या गावापासून अर्ध्या तासावर राहून त्या तिथे कधी उतरल्या नव्हत्या. आपल्यातले किती पुणेकर पर्वती चढतात?

फुलर्टनचे संग्रहालय गावाच्या जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीत आहे. तिथे लिओ फेंडरच्या कामाला वाहिलेले दालन आम्ही पाहिले. वहिनी गिटारींकडे फारशा वळल्या नाहीत. त्या एका सुट्या मानेपुढे थांबल्या. मी त्यांना चार स्क्रूंची हकीकत सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे बदलायची म्हणूनच केलेली असते तर.” मी म्हटले, “हो.” बाहेर येऊन आम्ही हार्बर बुलेवार्डवर जुन्या दुकानाच्या बाजूने चालत गेलो. गावाचे नाव फुलर्टन, आणि लिओच्या हाताखालच्या भरवशाच्या माणसाचेही नाव जॉर्ज फुलर्टन; पण गाव काही त्याच्यावरून नव्हे, हा योगायोग सांगितल्यावर वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून काम सुरू झाले. पुतण्याने तारा सैल करून काढल्या, गिटार पालथी घातली, चार स्क्रू फिरवले. मान हातात आली. खाचेत दडलेल्या तिच्या टाचेवर शाईचा शिक्का होता. १९९५ सालातली तारीख. सत्तावीस वर्षांहून अधिक काळ तो शिक्का कोणी पाहिला नव्हता. वहिनी चष्मा लावून वाकल्या. “पंच्याण्णव! तेव्हा मी पुण्यात बी.कॉम.ला होते. ही माझ्याआधीची आहे की!” आणि पदराने त्यांनी त्यावरची धूळ पुसली.

नव्या मानेला स्क्रूंची भोके नव्हती. आधी ती खाचेत बसवायची, कडेच्या दोन तारा ओढून त्या दोन्ही काठांपासून सारख्या अंतरावर जातात का पाहायचे, मग खुणा करून बारीक भोके पाडायची. मेपल कठीण, कोरडा स्क्रू घातला तर मोडतो. वहिनींनी न्हाणीघरातून साबणाची वडी आणून दिली. स्क्रू साबणावर घासून आत गेले. नव्या मानेवर गडद शिसवीची पट्टी होती. ‘इंडियन रोझवुड’ म्हणून ती ओळखली जाते. आपल्याच जंगलातले हे झाड. ते कळल्यावर वहिनींनी त्या पट्टीवरून एकदा बोट फिरवले.

तारा चढल्या. पुतण्याने बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून छेडली, मग दाबून छेडली. दोन्ही सूर एक यावे लागतात. येत नव्हते. घोडीवरचा बारीक स्क्रू एकेक वळसा फिरवत तो तासभर बसला. शेवटी सूर जुळले. मग त्याने जे काही वाजवले, ते भावगीत नव्हते. मला त्यातले फारसे कळले नाही. पण दादा गेल्यापासून गप्प असलेले ते घर त्या दिवशी वाजत होते, आणि “आवाज कमी कर” असे कोणी म्हटले नाही. जुनी मान वहिनींनी सुती पातळात गुंडाळून आपल्या कपाटात ठेवली. ती आता वाजवायची नव्हती. तेव्हा ती जपायला हरकत नव्हती.

तेव्हा मंडळी, मुलाबाळांकडे कॅलिफोर्नियाला जाणार असाल तर डिस्नेलँड अवश्य पाहा. तिथून फुलर्टन जवळच आहे. अर्धा दिवस राखून ठेवा, शक्य तर रेल्वेने जा, स्टेशनाबाहेर पडून पायी हिंडा. आणि सोबत घरातला एखादा गिटारवाला असेल, तर त्याला गिटार पालथी करून दाखवायला सांगा.