खेळ बदलला म्हणजे धरसोड नव्हे

गोल्फ मैदान म्हटले की हिंडलगा-बेळगावच्या माणसाला गोल्फ आठवत नाही, आठवतो तो बिबट्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो मैदानाच्या झाडीत शिरला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि त्याला हुडकायला शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून हत्ती आणावे लागले. त्या दिवसांत हे मैदान घराघरांत पोहोचले. खेळ मात्र पोहोचला नाही. गोल्फ म्हणजे साहेबांचा, लष्करी अधिकाऱ्यांचा खेळ, आपल्याला त्याचे काय, असेच आपण म्हणत आलो.

माझी या खेळाशी ओळख झाली ती एका टेनिस खेळणाऱ्या मुलीमुळे. तिचे नाव लॉटी डॉड. इंग्लंडमधल्या चेशायरची ही मुलगी १८७१ साली जन्मली आणि १८८७ साली विम्बल्डनची महिला एकेरीची विजेती झाली. तेव्हा तिचे वय होते १५ वर्षे आणि २८५ दिवस. म्हणजे आपल्याकडची दहावीतली मुलगी! इतक्या लहान वयात ही एकेरीची स्पर्धा आजवर दुसऱ्या कोणीही जिंकलेली नाही. त्या काळच्या बायका घोळदार लांब झगे घालून खेळत. लॉटी वयाने लहान, म्हणून तिला थोडा आखूड झगा चालत असे. तेवढीच धावायला मोकळीक!

१८८७, १८८८, १८९१, १८९२ आणि १८९३ अशी पाच वर्षे ती विम्बल्डनमध्ये उतरली आणि पाचही वेळा जिंकली. १८८९ साली ती आलीच नाही, कारण मैत्रिणींबरोबर स्कॉटलंडच्या किनाऱ्याला शिडाच्या बोटीतून फिरायला गेली होती. आणि १८९३ नंतर, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तिने विम्बल्डनला कायमचा रामराम ठोकला.

आपल्या घरात असे झाले असते तर? ‘हातातले सोडून पळत्याच्या पाठीमागे लागली’ असे सगळे म्हणाले असते. लॉटीने मात्र गोल्फची काठी धरली. १८९४ साली मोरटनला बायकांचा गोल्फ क्लब सुरू करण्यात तिचा हात होता. पण टेनिसमधली राणी गोल्फमध्ये साधी नवखीच होती. १८९८ साली ती राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत हरली, १९०० साली पुन्हा तिथेच हरली. अखेर १९०४ साली स्कॉटलंडमधल्या ट्रून येथे तिने मे हेझलेट या नामांकित खेळाडूला अवघ्या एका होलने हरवले आणि ब्रिटिश महिला अजिंक्यपद मिळवले. टेनिस आणि गोल्फ अशी दोन्ही अजिंक्यपदे मिळवणारी ती पहिली स्त्री. मधल्या काळात ती इंग्लंडकडून हॉकी खेळली होती. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिने धनुर्विद्येत रौप्यपदकही मिळवले.

वाचताना माझ्या मनात राहिली ती पदकांची यादी नव्हे, तर १८९४ ते १९०४ ही दहा वर्षे. विम्बल्डन पाचदा जिंकलेल्या बाईने दहा वर्षे दुसऱ्या खेळात हार पचवली. याला धरसोड कसे म्हणायचे?

हा प्रश्न मला पडण्याचे कारण घरातलेच आहे. माझी मुलगी नववीत आहे. पाच वर्षे स्केटिंग करते, जिल्ह्याची पदकेही आहेत. यंदा तिने जाहीर केले, ‘मला आता ज्युदो शिकायचाय.’ झाले! माझी आई म्हणाली, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ सासूबाईंनी कन्नडमध्ये सुनावले, ‘एरडु दोणियल्लि कालिट्टंते,’ म्हणजे दोन होड्यांत पाय ठेवल्यासारखे. एरवी या दोन आज्ज्यांचे सांबाराच्या चवीवरूनही एकमत होत नाही, इथे मात्र झाले. यजमानांनी बुटांचा आणि चाकांचा खर्च मोजून दाखवला. त्यांचेही खोटे नाही. मध्यमवर्गीय घरात मुलांचा खेळ म्हणजे महिन्याच्या हिशेबातला एक रकाना असतो.

पैशाची ही बाजू लॉटीच्या गोष्टीतही आहे. तिचे वडील लिव्हरपूलचे कापूस दलाल. आपल्या धारवाड-हुबळी भागातला कापूसही त्या काळी मुंबईमार्गे लिव्हरपूलला जाई. वडील लवकर गेले, पण मुलांना आयुष्यभर पोटाची चिंता करावी लागणार नाही एवढे ठेवून गेले. तेव्हा लॉटी हौसेने खेळ बदलू शकली.

प्रत्येकीचे असे नसते. अमेरिकेची अल्थिया गिब्सन पाहा. ग्रँड स्लॅम जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. १९५५-५६ च्या आशिया दौऱ्यात ती भारतातही खेळून गेली. १९५७ आणि १९५८ साली तिने विम्बल्डन आणि अमेरिकन अजिंक्यपद दोन्ही जिंकले. पण तेव्हाच्या हौशी टेनिसमध्ये बक्षिसाचा पैसा नव्हता. करंडकाने का कोणाचे पोट भरते? १९६४ साली, सदतिशीत, ती व्यावसायिक गोल्फमध्ये उतरली. काही क्लब तिला आत कपडेही बदलू देत नसत, ती गाडीत बसून बूट बदलायची. गोल्फमध्ये तिला एकही स्पर्धा जिंकता आली नाही. उतारवयात आजारपण आणि चणचण आली, तेव्हा दुहेरीतली जुनी जोडीदार अँजेला बक्स्टन हिने टेनिसच्या लोकांना हाक देऊन मदत उभी केली. म्हणजे खेळ बदलला की यश मिळतेच, असेही नाही.

आपल्या मराठी मुलुखातले उदाहरण हवे असेल तर लीला राव यांचे आहे. संस्कृतात ‘सत्याग्रहगीता’ लिहिणाऱ्या पंडिता क्षमा राव यांच्या त्या कन्या. आईही टेनिस खेळणारी. लीलाबाईंनी १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकला. तिथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढे त्या नृत्य आणि संस्कृत नाटक यांत रमल्या.

आणि अगदी हाकेच्या अंतरावरचे उदाहरण म्हणजे तुरमुरीची मलप्रभा जाधव. हिंडलग्यावरून वेंगुर्ला रस्त्याने निघाले की पुढे तिचे गाव. शेतकऱ्याची ही लेक मूळची ज्युदोतली. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कुराश हा खेळ पहिल्यांदा आला. ही उझबेकी कुस्ती. जाकीट आणि पट्टा धरून प्रतिस्पर्ध्याला उभ्याउभ्या आपटायचे, ज्युदोसारखी जमिनीवरची झटापट नाही. मलप्रभाने ५२ किलो गटात कांस्यपदक आणले. ज्युदोत शिकलेली पकड आणि तोल वाया गेला नाही, तोच नव्या मॅटवर कामी आला.

म्हणूनच मुलांनी खेळ बदलायचा म्हटले की मला वाटते, घरातल्यांनी रागावण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. जुन्या खेळातल्या हरण्याला कंटाळून मूल पळते आहे का, की नव्याची खरी ओढ आहे? नव्या ठिकाणी आपल्याहून लहान मुलांच्या रांगेत उभे राहून पहिल्यापासून शिकायची त्याची तयारी आहे का? आणि तिसरे आपल्यासाठी: वर्षभर निकाल न विचारता खर्च करायची आपली ऐपत आणि मन, दोन्ही आहेत का? ऐपत नसेल तर ते मुलाला स्पष्ट सांगावे. त्याच्या हौसेला धरसोड हे नाव देऊ नये.

आमच्याकडे तिघींचे आणि यजमानांचे बोलून एक वर्षाची मुदत ठरली आहे. स्केटिंगचे बूट धाकट्या चुलतभावाला गेले. वर्षाने काय होईल ते तेव्हा पाहू. लॉटीला दहा लागली होती!