ताकादानोबाबातली सहा नाणी
टोकियोला ताईकडे गेलो, तेव्हा आमच्या इंदूरच्या घरातला टेट्रिसचा उस्ताद मीच होतो. ताईनं ताकादानोबाबा भागातल्या एका जुन्या गेम सेंटरात नेलं. खेळ १९९८चा, 'टेट्रिस द ग्रँड मास्टर'. शंभर येनचं नाणं टाकलं. आकडा २००वर गेला की ठोकळे एकदम मंदावतात. तिथं मी फुशारलो. ५००नंतर ठोकळा पडताना दिसतच नाही, थेट तळाशी!

"मधे खड्डा नको रे, कौलारू छपरासारखं रच," ताई म्हणाली. टेकलेला ठोकळा क्षणभर सरकवता येतो, उतारावरून कडेला जातो.

मग ती शेजारी बसली. समोरासमोर सामना. तिनं ओळी उडवल्या की माझ्या तळाशी कचरा उगवायचा. सहा नाणी, सहा पराभव.

"शेवटची लोकल निघेल," ताई म्हणाली. मी खिसा चाचपत होतो.