मायचे ते दोन दिवस

२०१९ च्या वर्षावासातली गोष्ट. पिंप्राळ्याच्या विहारात वंदना चालू होती. माय एकदम कपाळ धरून खाली बसली. "डोकं फुटून राहिलं रे," एवढंच म्हणाली आणि ओकली. असं दुखणं तिला उभ्या आयुष्यात झालं नव्हतं.

घरी आणलं. कोणी पित्त म्हणालं, कोणी ऊन लागलं म्हणालं. शेजारची म्हातारी दृष्ट काढायला मीठ-मिरची घेऊन आली. आम्हाला बावीस प्रतिज्ञा पाठ. आम्ही तिला परत पाठवलं. पण डोकेदुखीची गोळी देत दोन दिवस काढले. अंधश्रद्धा दारातून परत गेली, हलगर्जीपणा घरातच राहिला.

तिसऱ्या दिवशी मायच्या डाव्या डोळ्याची पापणी पडली. जळगावात सीटी स्कॅन काढला. मेंदूभोवती रक्त पसरलं होतं. तसंच मुंबईला नेलं. तिथे जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून अँजिओग्राफी केली. लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी १९२७ साली शोधलेली ही तपासणी.

डॉक्टर म्हणाले, "सायकलच्या ट्यूबला कमजोर जागी फुगा येतो, तसा मेंदूच्या रक्तवाहिनीला आलाय. तो फुटला. परत फुटला तर जिवावर बेतेल." असे फुगे बहुधा लहान असतात. मायचा २५ मिलिमीटरहून मोठा, क्वचित आढळणारा.

कवटीचा तुकडा काढून, सूक्ष्मदर्शकाखाली त्या फुग्याच्या मानेला टायटॅनियमचा चिमटा लावला. असा चिमटा अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली प्रथम लावला होता. खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. शिधापत्रिका सोबत होती, म्हणून धावपळ वाचली.

माय वाचली. वंदनेला येते. पण मला हाक मारताना नाव आठवायला तिला क्षणभर लागतो. त्या क्षणी मला ते दोन दिवस आठवतात.

माताभगिनींनो, बंधूंनो, अचानक, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, सोबत ओकारी झाली, मान ताठरली, एकाचे दोन दिसले किंवा पापणी पडली, तर घरी थांबू नका. त्याच दिवशी स्कॅनची सोय असलेला दवाखाना गाठा. रक्तदाब तपासत जा, बिडी-सिगारेट सोडा.

पारखल्याशिवाय काही मानू नका, असं तथागतांनी सांगितलं. मी ते देवादिकांना लावलं. मायच्या दुखण्याला लावायचं राहून गेलं.

जयभीम!