शांततेचा नमुना

यंत्र निवडणे हे दुकानदाराचे काम आणि आस्वाद घेणे हे रसिकाचे, अशी वाटणी आपण मनोमन करून टाकलेली असते. घरच्या संगणकावर गाणे ऐकायचे तर कोणते सॉफ्टवेअर घ्यावे आणि परवडतील असे स्पीकर कोणते, हा प्रश्न त्यामुळे साहित्याच्या अभ्यासकाला परका वाटतो. आमचा अनुभव वेगळा आहे. ऐकण्याचे प्रत्येक साधन म्हणजे ऐकल्या जाणाऱ्या संहितेचा एक पाठ असतो. ते काही राखते, काही गाळते, आणि काय गाळले ते सहसा सांगत नाही.

ही गोष्ट संगणकापासून सुरू झालेली नाही. १९०२ साली फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून आपल्या संगीताने यंत्राशी तडजोड केली आहे. तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासभर चालणाऱ्या ख्यालाला त्यात अंग चोरून बसावे लागे. गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोन्याच्या तबकडीतून अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. ते माप रागाने ठरवलेले नव्हते, तबकडीने ठरवलेले होते. आपण मात्र ते गाण्याचे माप समजून ऐकतो.

आमचा प्रश्न इतका भव्य नव्हता. आम्ही तिघे भावंडे. दोघे मुंबईत चाकरमानी, एक मसुऱ्याच्या घरी. भरतगडाच्या अलीकडच्या अंगाला चिऱ्याच्या भिंतींचे आणि मंगलोरी कौलांचे घर आहे. त्या घरात चतुर्थीच्या रात्री भजन होई, आणि आबा ते कॅसेटवर उतरवून ठेवीत. पेटी, पखवाज, झांज, चकवा. रूपावली, अभंग, गौळण आणि मग ओटी दणाणून सोडणारा गजर. आबा गेल्यावर फडताळात एकेचाळीस कॅसेटी निघाल्या. १९८४ ते १९९७ एवढा काळ त्यांच्यावर आबांच्या अक्षरात लिहिलेला होता. त्यांतल्या काहींच्या फितीवर पांढरी बुरशी धरली होती. मसुऱ्याच्या पावसाळ्यात भिंतीला ओल येते तिथे फितीची काय कथा? आणखी चारसहा पावसाळे गेले असते तर प्रश्नच उरला नसता.

फितीवरचा आवाज संगणकात आणण्याची कृती सोपी आहे, पण तिचे काही नियम आहेत. टेपच्या लाइन-आउट खाचेतून निघालेली तार संगणकाच्या लाइन-इन खाचेत जावी. माइकच्या खाचेत गेली तर तिथला प्रवर्धक आवाज फाडतो. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपना लाइन-इन नसतेच, तिथे यूएसबीला जोडायची छोटी पेटी लागते. टेपचे हेड फितीला काटेकोर लंब नसेल तर वरचे स्वर बोथट होतात; झांजेचा काठ हरवतो. ते एका बारीक स्क्रूने जुळवून घ्यावे लागते. मुद्रणाची पातळी सर्वांत मोठ्या गजरालाही शून्याच्या खाली राहील अशी ठेवावी, कारण डिजिटल मुद्रणात शून्याच्या वर काहीच नसते. तिथे पोहोचलेला स्वर कापला जातो, आणि कापलेले परत मिळत नाही.

या कामासाठी आम्ही ऑडॅसिटी घेतले. २००० साली आलेले हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट, हे सीडीचे माप आम्ही ठेवले. या मापाने दोन वाहिन्यांचे तासभराचे मुद्रण सुमारे ६३५ मेगाबाइट होते. आबांचा टेप एका माइकचा, एका वाहिनीचा. त्यामुळे आम्हाला निम्मीच जागा पुरली.

मग प्रश्न आला तो कोणत्या रूपात साठवावे हा. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत तेच तासभराचे मुद्रण साठेक मेगाबाइटांपेक्षा कमी जागेत बसते. हे कसे साधते? मोठ्या आवाजाच्या लगतचा बारीक आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, या निरीक्षणावर ते सारे शास्त्र उभे आहे. जे ऐकू येणार नाही ते आधीच गाळायचे. युक्तिवाद बिनतोड आहे, पण त्यातला कान सरासरीचा आहे. गजरात एकमेकांवर आदळणाऱ्या झांजा हा या हिशेबाचा सर्वांत अवघड विद्यार्थी. कमी मापाच्या एमपीथ्रीत त्या पाण्यात बुडवून वाजवल्यासारख्या होतात. याउलट २००१ सालापासून उपलब्ध असलेल्या फ्लॅकमध्ये काहीच गाळले जात नाही. जागा साधारण निम्मी लागते आणि उलगडल्यावर मूळ जसेच्या तसे हाती येते. आम्ही मूळ प्रती फ्लॅकमध्ये ठेवल्या आणि नातेवाइकांना पाठवायला एमपीथ्री केल्या.

ऐकण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर? आमच्या पिढीचा जीव १९९७ सालच्या विनॅम्पवर जडलेला. पण आता व्हीएलसी आहे, फूबार२००० आहे. दोन्ही फुकट, दोन्ही हलकी, जुन्या संगणकालाही जड न होणारी. स्वराच्या दृष्टीने त्यांत फरक शोधणे व्यर्थ आहे. फरक आहे तो यादी करण्यात, आणि इथे आमच्यातल्या मराठीच्या शिक्षकाचे कान टवकारले. प्रत्येक फाइलला ही सॉफ्टवेअरे 'कलाकार' विचारतात, 'अल्बम' विचारतात. भजनाचा कलाकार कोण? अभंगाला तुकोबांची नाममुद्रा आहे. चाल एखाद्या जुन्या नाट्यपदावरून उचललेली आहे. गातात बुवा, आणि बुवांच्या प्रत्येक ओळीला उचलून धरतात ते मागचे वीस जण, ज्यांची नावे आबांनीही लिहिलेली नाहीत. चौकोन मात्र एकच. गाणे म्हणजे एका गायकाची एका अल्बममधली वस्तू, ही चित्रपटाच्या आणि कॅसेट कंपन्यांच्या बाजारातली कल्पना त्या चौकोनात निमूटपणे बसलेली आहे. फूबार२००० मध्ये स्वतःचे रकाने वाढवता येतात, म्हणून आम्ही ते निवडले. रचनाकार, बुवा, पखवाज, घर, तिथी असे रकाने आम्ही केले. त्यांतले निम्मे रिकामे आहेत. रिकामा रकाना निदान प्रश्न जागा ठेवतो.

आता स्पीकर. आमचा बेत पाच हजारांच्या आतला. दुकानातील खोक्यांवर पूर्वी पीएमपीओचे प्रचंड आकडे छापलेले असत आणि काहींवर अजूनही असतात. त्या मापाला सर्वमान्य व्याख्याच नाही. आरएमएस वॅट पाहावेत, तेही बेताने. कारण शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. छोट्या खोलीला पंधरा-वीस वॅट पुष्कळ होतात. कणकवलीतल्या दुकानात आम्हाला खालच्या स्वरांचा वेगळा डबा असलेला, म्हणजे टू पॉइंट वन, संच आग्रहाने दाखवला गेला. त्यावर लावलेल्या चित्रपटगीताने काउंटरची काच थरथरली. आम्ही पेनड्राइव्हवर आणलेले भजन लावायला सांगितले. पखवाजाची डावी बाजू धुमाकूळ घालू लागली. बुवांचा आवाज मात्र पडद्यामागे गेला. माणसाच्या आवाजाचा गाभा मधल्या पट्ट्यात असतो. जुनी टेलिफोनची तार केवळ ३०० ते ३४०० हर्ट्झ वाहून नेई, तरी आपण आवाजावरून माणूस ओळखत असू. ज्याला शब्द ऐकायचे आहेत त्याने पैसे या मधल्या पट्ट्यावर घालावेत.

आम्ही शेवटी दोन स्पीकरांची साधी जोडी घेतली, चार इंची पडद्याची. खालचा षड्ज तिच्यात पुरता उतरत नाही, पण त्याची हानी वाटते तेवढी नाही: मूळ कंपन अनुपस्थित असले तरी त्याच्या वरच्या स्वरांशांवरून आपला मेंदू ते भरून काढतो. कोकणातल्या वाचकांसाठी एक सूचना. स्पीकरच्या पडद्याची कड फोमची नसावी, रबराची असावी. दमट हवेत फोम काही वर्षांत भुसा होऊन गळतो. स्पीकर कोपऱ्यात ठेवू नयेत, भिंती खालचे स्वर फुगवतात. दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, आणि स्पीकर कानांच्या उंचीवर असावेत. याला एक रुपयाही पडत नाही.

हे सारे झाल्यावर तंटा झाला. ऑडॅसिटीत खरखर कमी करण्याची सोय आहे. तिची रीत अशी: जिथे कोणी गात नाही, वाजवत नाही, असा काही सेकंदांचा तुकडा निवडायचा, सॉफ्टवेअर तो खरखरीचा नमुना म्हणून ध्यानात ठेवते आणि संपूर्ण मुद्रणातून तसल्या आवाजाची पातळी खाली आणते. थोडक्यात, शांतता म्हणजे काय ते तुम्ही सांगायचे. १९८९ च्या कॅसेटमध्ये गौळण संपल्यावर असा एक तुकडा आहे. नव्या स्पीकरांवर तो आम्ही प्रथमच नीट ऐकला. त्यात फितीची सळसळ आहे, आणि कौलांवर पडणारा भाद्रपदातला पाऊस आहे. सळसळ आणि पाऊस यांच्या कंपनांचा पसारा इतका सारखा, की यंत्राला ते एकच. आणि त्या पावसातून, आतल्या दारातून, आजीचा आवाज येतो: "पेटी वायच आत घेवा रे, भिजतली." आजीचा दुसरा कोणताही आवाज आमच्याकडे नाही.

एका प्रतीवर आम्ही ती सोय वापरून पाहिली. बुवांचा अभंग लख्ख झाला. पाऊस गेला. आजीचे शब्द राहिले, पण बुडबुड्यांतून आल्यासारखे, कोणाचेही नसल्यासारखे. मुंबईतल्या एकाचे म्हणणे, भजन हा विषय आहे, लख्ख प्रतच ठेवा. ऐकणाऱ्या परक्याला आमच्या पावसाचे काय? दुसऱ्याचे म्हणणे, पावसाशिवाय ते भजन त्या घरातले उरतच नाही. दोघेही आम्हीच, त्यामुळे कोणाला वेड्यात काढणे शक्य नव्हते.

तोडगा मिळाला तो मराठीच्या वर्गातून. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे तिच्यात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद शेवटी देऊन ठेवली. त्यांच्यापुढेही खरखर होती: तीनशे वर्षांच्या लेखनिकांच्या चुका, प्रक्षेप, अशुद्ध पाठ. त्यांच्या शुद्धीमुळे ग्रंथ आपल्यापर्यंत नीट पोहोचला, हे ऋण मोठे आहे. पण त्यांनी जे पाठ अबद्ध म्हणून बाजूला सारले ते कोणते होते, हा प्रश्न संशोधकांना शतकांनंतरही जुन्या पोथ्यांकडे घेऊन जातो. संपादन अपरिहार्य असते. मूळ पोथी नष्ट करणे अपरिहार्य नसते. नाथांच्या काळी प्रत करणे महिनोन्‌महिन्यांचे कष्ट होते, आमच्याकडे ते एका कळीचे काम आहे. मग भांडण कशाचे?

म्हणून आता प्रत्येक कॅसेटच्या तीन फाइली आहेत. एक कच्ची, जिला कोणी हात लावायचा नाही. ती मसुऱ्यात आणि मुंबईत, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आहे. दुसरी शुद्ध, गाणे ऐकू इच्छिणाऱ्यांसाठी. तिच्यासोबत काय काढले आणि शांततेचा नमुना कुठून घेतला याची चार ओळींची नोंद असते. तिसरी एमपीथ्री, जी नातेवाइकांच्या मोबाइलवर जाते. एकेचाळीसपैकी चार कॅसेटी बुरशीने पुरत्या गेल्या आहेत. त्यांच्यावरचे आबांचे अक्षर तेवढे शाबूत आहे, आणि यादीत त्यांचीही नोंद आहे.

सॉफ्टवेअर आणि स्पीकर घेताना कोणते सर्वांत चांगले, असे सर्व जण विचारतात. आमच्या मते विचारायचे ते इतकेच, की हे साधन काय गाळते, आणि गाळलेले परत मागता येते का. ज्याचे उत्तर सांगता येते ते घ्यावे. किंमत त्याखालोखाल पाहावी.